असीरगडचा चढ, तिसऱ्यात

नाना, तुमच्या गाडीच्या इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, मी उघडलं. तुम्हाला विचारलं नाही. विचारायला तुम्ही असता तर नाहीच म्हणाला असता, आणि मी तरीही उघडलंच असतं, तेव्हा ते विचारणं वाचलं. आत्ता दुपारचे तीन वाजलेत, आई आत आडवी झालीय आणि मी मागच्या ओट्यावर तुमच्या त्या लोखंडी वाइसला, पकडीला, पाठ टेकून बसलेय. माझ्या मापांच्या वहीत लिहितेय, कारण घरात दुसरा कोरा कागद सापडला नाही. अकरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. एवढ्या वर्षांत तुमच्याशी भांडले नाही असं नाही, पण ते सगळं गाडी चालवता चालवता, हेल्मेटच्या आत. लिहून पहिल्यांदाच भांडतेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. कॉलेज मी पहिल्याच वर्षी सोडलं. ते बघायला तुम्ही नव्हतात, बरंच झालं.

आईचा फोन आला तेव्हा मी इंदूरला होते. म्हणजे तेव्हा इंदूरला. त्याआधी कोइंबतूर, त्याआधी पुणे, मध्येच चार महिने गोव्यात भाड्याच्या स्कूटर दुरुस्त करत. आठ-नऊ महिन्यांच्या वर मी कुठे टिकत नाही. आई म्हणाली, "तुझ्या नानांची गाडी धूर मारून राहिली. शेजारचे काका दर रविवारी किक मारतात ना, ते म्हणे आता नाही मारत, सगळ्या गल्लीत ढग होतो. कोणाला देऊन टाकू, का तू येते?" मी म्हटलं, येते. केळी उतरवून बऱ्हाणपूरला रिकामा परतणारा एक ट्रक मिळाला. केळीच्या रिकाम्या ट्रकला एक वास असतो, चिकाचा आणि कुजलेल्या पानांचा. लोकांना तो नको होतो, मला तो आला की भूक लागते.  बडवाह मागे पडल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, "बेटी, घर में कोई है नहीं क्या, जो ऐसे घूमती है?" मी म्हटलं, "है ना चाचा, इसीलिए तो जा रही हूँ." तो इतका हसला की असीरगडच्या उतारावर त्याला ब्रेक जरा उशिराच आठवला. त्याच उतारावर, डॅशबोर्ड धरून बसलेली असताना, मी ठरवलं की नुसता धूर बंद करून परत जायचं नाही.

घरी आले, चहा घेतला आणि आईला सांगून टाकलं. "गाडीचं हेड काढते. धूर तर थांबवतेच, पण आत पोर्टसुद्धा कापते. मग तुला मागे बसवून असीरगडचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये घेते."

आई म्हणाली, "तिसऱ्यात? ते तर दुसऱ्यातच घ्यायचे."

"म्हणूनच."

"आणि नाही चढली तर?"

"तर गाडी भंगारात दे. मी पुन्हा कुणाच्या हेडला हात लावणार नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं. तुम्हाला ठाऊक आहे ती कशी बघते, भाजीवाल्यानं वजन सांगितल्यावर बघते तशी. म्हणाली, "हात लावणार नाही म्हणे. बघू." हे मी उगाच फुशारकीनं बोलले नव्हते, नाना. तुमच्या मॉडेलचं हेड आता कुठेच मिळत नाही. इंदूरला विचारलं, पुण्याच्या मित्राला विचारलं, अकोल्याच्या एका जुन्या दुकानदारानं तर फोनवरच हात जोडले. एकच हेड, तेही तुमचं. त्यात माझ्या ग्राइंडरचं टोक, बिट, एकदा जरी आतल्या भिंतीच्या आरपार गेलं असतं, तर आईच्या घरातली तुमची चालू असलेली शेवटची वस्तू मी संपवली असती.

तुम्ही मला एकच वाक्य हजारदा ऐकवलं. कंपनीनं ओतलंय ते कंपनीला कळतं, आपण घासून-पुसून बसवायचं. त्याचं उत्तर आज देते. कंपनीला कळतं, कबूल, पण कंपनीला घाई असते. कार्बोरेटरकडून आलेली हवा आणि पेट्रोल ज्या वाकड्या भोकातून व्हॉल्व्हपर्यंत जातं, ते भोक, म्हणजे पोर्ट, ओततानाच तयार होतं. साचा थोडा सरकतो, एका बाजूला फुगवटा येतो, व्हॉल्व्हची सीट, म्हणजे बैठक, जिथे असते तिथे कडेला पायरी राहते. हवा त्या पायरीला अडखळते. मी आत जाऊन ती पायरी काढते, वळणावरचा कोपरा गोल करते, हवेला वाट करून देते. यात कंपनीचा अपमान कुठे झाला? घर बांधणारा गवंडी कितीही मोठा असला तरी दाराची चौकट घासते तेव्हा रंधा घरातलाच माणूस मारतो ना? कोइंबतूरला ज्यांच्याकडे मी शिकले तिथे शर्यतीच्या गाड्या यायच्या. तिथले म्हातारे उस्ताद पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, मुलींच्या हाताला धीर असतो. आठव्या महिन्यात म्हणाले, या मुलीच्या हाताला आहे, पायाला अजिबात नाही. ते असो.

खरी गंमत अशी की मनाई करणारे तुम्ही आणि शिकवणारेही तुम्हीच. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मी तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात बसलेली, तुम्ही कुणाचं तरी हेड हातात घेऊन सरळ घरी आलात, मागोमाग मी. स्वयंपाकघरात आई कणीक मळत होती. तुम्ही परातीतून लिंबाएवढा गोळा उचललात, पोर्टला आतून तेलाचं बोट फिरवलंत आणि गोळा आत दाबायला लागलात. आई म्हणाली, "अहो, ते पोळ्यांचं पीठ आहे!" तुम्ही म्हणालात, "एक पोळी कमी खाईन." थोड्या वेळानं तुम्ही तो गोळा हळूच ओढून काढलात, आणि माझ्या तळहातावर एक वाकडं, गुळगुळीत बोट आलं. तुम्ही म्हणालात, "हे बघ, बाई. भोक दिसत नसतं. भोकात काय मावतं ते दिसतं." आधी कणीक, मग डोळा, असा तुमचा नियम होता. डोळा त्याला हवं ते बघतो, कणीक जे आहे ते दाखवते. तुम्ही हे व्हॉल्व्हची गाइड, त्याची दांडी सरकते ती नळी, सरळ बसलीय का ते तपासायला करायचात, पण माझ्या डोक्यात ते कणकेचं बोट जे जाऊन बसलं ते बसलंच. भारतभर फिरले, नाना. लोक रबराचं द्रावण ओततात, महागडे कॅमेरे घालतात. कणीक दाबणारा माणूस मला दुसरीकडे कुठे भेटला नाही.

आणि कुंडी भंडारा, आपल्या बऱ्हाणपूरचे ते जुने भुयारी पाण्याचे बोगदे. एका रविवारी तुम्ही मला तिथे घेऊन गेलात, लिफ्टनं खाली उतरलो, मला वाटलं पाणी म्हणजे विहिरीसारखं काहीतरी असेल. तर खाली तो लांबच लांब दगडी बोगदा आणि त्यातून गुडघ्याखालून सरकणारं गार पाणी. मी विचारलं, याला ढकलतं कोण? तुम्ही म्हणालात, "कोणी नाही. उतार सारखा, रुंदी सारखी. वाट नीट दिली की ते आपलं आपण जातं. मध्ये कुठे रुंद केली असती तर तिथेच बसून राहिलं असतं." बाहेर आल्यावर मावा जिलेबी खाल्ली, माझ्या फ्रॉकवर पाक सांडला, तुम्ही रुमाल ओला करून पुसलात आणि तो डाग आणखी पसरला. हे का लिहितेय कोण जाणे. हां, रुंदी. मला कोइंबतूरला आठ महिन्यांत जे शिकवलं ते सगळं तुम्ही त्या एका वाक्यात सांगून मोकळे झाला होतात. पण तेव्हा मला फक्त जिलेबी कळली.

मी चौदा वर्षांची असताना काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, पण मला ते माझ्या बाजूनं सांगायचंय. तुम्ही नेपानगरला कुणाचा तरी पंप बघायला गेला होतात. जसोंडीच्या दूधवाल्या काकांच्या गाडीचं हेड बाकावर उघडं पडलं होतं, व्हॉल्व्ह घासायला. गाडी तुमच्याच गाडीसारखी, त्याच मॉडेलची. रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात मी पोर्टचा फोटो बघितला होता. इंग्रजी कळत नव्हतं, फोटो कळला. एवढं मोठं भोक, आरशासारखं चकचकीत. मी तुमचं हातात धरायचं ग्राइंडर खिळ्यावरून काढलं आणि आत घातलं. दीड तास. ॲल्युमिनियमचा भुगा माझ्या पापण्यांवर, दातांत. एकदा बिट सटकलं आणि वरच्या भिंतीत एक खोल ओरखडा पडला, तोही मी घासून घासून झाकायला बघितलं. मग आत बोट घातलं तर काचेच्या बरणीत घातल्यासारखं लागलं. मला वाटलं, दूधवाल्या काकांची गाडी आता विमान होणार. व्हॉल्व्ह घासून, हेड झाकून ठेवलं. तुम्ही संध्याकाळी घाईत आलात, व्हॉल्व्ह वरून बघितले, हेड गाडीवर चढवून दिलंत. तुम्ही त्या दिवशी आत बोट घातलं नाहीत. ही तुमचीही चूक आहे, लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाले काका दुकानासमोर आले, गाडी ढकलत, दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले, घामाघूम. "मिस्त्री, काय केलं हो हिला? सपाटीवर पळते, पण कॅन भरले की पुलाचा चढसुद्धा नाही घेत. नाक कापलं माझं, निम्मं दूध नासलं." तुम्ही गाडी आत घेतलीत. हेड उतरवलंत, घरी आणलंत, आईच्या परातीतून कणीक घेतलीत. एक गोळा दाबलात माझ्या पोर्टमध्ये. दुसरा दुकानातून आणलेल्या एका कोऱ्या हेडच्या पोर्टमध्ये. दोन्ही काढून ताटात शेजारी शेजारी ठेवलेत. एक होतं तेच लहानपणचं वाकडं, सडपातळ बोट. दुसरा म्हणजे सुजलेला पाय, आणि त्याच्या पाठीवर काट्यासारखा उभा राहिलेला माझा ओरखडा. तुम्ही मला मारलं नाहीत, ओरडलातही नाहीत. ताट माझ्यापुढे सरकवलंत आणि म्हणालात, "कोणतं बोट धरून चालशील?" मग म्हणालात, "पुन्हा हात लावायचा नाही." मी विचारलं, आता काकांचं काय? तुम्ही म्हणालात, दुसरं हेड बसवतो. आणि माझं? "भंगारात." संध्याकाळी दूधवाले काका गाडी घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी मजेत हॉर्न वाजवत गेले. विषय संपला. ते कोरं हेड नंतरही दुकानातच पडून होतं, दुसऱ्याच कुठल्या मॉडेलचं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

त्यानंतर तुम्ही तीन वर्षं होतात. आईच्या माहेरी जायचं म्हणजे निंबोल्यावरून पुढे असीरगडचा घाट. लहानपणी मी टाकीवर बसायचे, आता तुमच्या दोघांच्या मध्ये, चेपून. आणि प्रत्येक वेळी घाटाच्या तोंडाशी तुमची डावी टाच खाली जायची. दुसरा गिअर. गाडी किंचाळायची, मागून कापसानं भरलेला टेम्पो येऊन पुढे निघून जायचा. शेवटच्या वळणावर आई तुमच्या खांद्यावर हात ठेवायची, जसं काही तिच्या हातानंच गाडी वर जाणार आहे. एकदा एक सायकलवाला टेम्पोचा दांडा धरून आपल्या पुढे गेला. मी म्हटलं, "नाना, तुमची गाडी म्हातारी झाली. सायकल घ्या." तुम्ही हसलात. म्हणालात, "गाडी ठीक आहे, वजन तुझ्या आईचं." आईनं मागून तुमच्या पाठीत एक ठेवून दिली. मी घरी आल्यावर मैत्रिणींना ती गोष्ट सांगून सांगून हसले. पंधरा वर्षांची होते, हसणारच.

आता परवाचं. हेड काढलं. धुराचं कारण लगेच सापडलं, व्हॉल्व्हचं रबरी सील कडक होऊन तडकलं होतं. ते पाच मिनिटांचं काम. माझ्या खिशात टॉर्च होती, सरळ पोर्टमध्ये मारून बघता आलं असतं. नाही मारली. का, ते विचारू नका. तुमच्याविरुद्ध एवढी उभी राहिलेली मी, आणि हात मात्र आपोआप स्वयंपाकघराकडे वळले. आई पोळ्यांचीच कणीक मळत होती. मी गोळा उचलला. ती म्हणाली, "आता तू पण?" मी तेलाचं बोट फिरवलं, दाबलं, थांबले. थांबता थांबता आईला सांगत होते की आता बघ, कंपनीनं कसा फुगवटा ठेवलाय तो तुला दाखवते. मग ओढलं. निघायला त्रास देत होता, पोट मोठं असलं की गोळा अडतो. निघाला तेव्हा माझ्या तळहातावर सुजलेला पाय होता. आणि त्याच्या पाठीवर काटा.

मी तो ताटात ठेवला. तुम्ही भंगारात टाकलं नव्हतंत. तुमच्या गाडीचं चांगलं हेड काढून दूधवाल्या काकांना दिलंत आणि माझं बिघडलेलं आपल्या गाडीला लावलंत. तीन वर्षं त्यावर तो चढ चढलात, दुसऱ्यात. गाडी म्हातारी झाली म्हणून मी हसले तेव्हा माझ्या मांडीखाली माझंच काम किंचाळत होतं.

मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो मग."

"मला का नाही सांगितलं?"

"तू ऐकायला बसली कधी? आठ दिवस झाले की तुझे पाय खाजतात." तिनं पोळी उलटली. मग म्हणाली, "मी त्यांना म्हटलं होतं, पोरीला सांगा. तर म्हणे, सांगितलं तर पुन्हा हात नाही लावणार ती."

"अगं पण ते तर मला म्हणाले, पुन्हा हात लावायचा नाही!"

"म्हणाले ना. पण ग्राइंडर कुठे लपवलं? त्याच खिळ्यावर तर होतं. मी विचारलं, असं कसं हो चालवाल? तर म्हणे, चढ काय रोज असतो का." पोळी तव्यावरून काढत ती पुढे म्हणाली, "आणि नाव माझ्या वजनाचं. इतकी वर्षं मी तेच खरं मानून बसली असती, बाई, बरं झालं मला माहीत होतं."

आई हसली. मला हसू आलं नाही. आता ऐका, नाना, यासाठीच वही काढलीय. लोक अशा गोष्टी ऐकून डोळे पुसतात, बापाचं मन किती मोठं म्हणतात. मी म्हणणार नाही. मी याला हट्ट म्हणते. तोंडानं एक सांगायचं आणि खिळ्यावर दुसरंच टांगून ठेवायचं, आणि पोरीनं ते ओळखावं अशी वाट बघायची. मी चौदा वर्षांची होते, मला तोंडचं ऐकू आलं, खिळ्यावरचं नाही. ग्राइंडरला मी तुम्ही असेपर्यंत पुन्हा शिवले नाही. तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी पुण्यात, परक्या माणसाच्या दुकानात, पहिल्यांदा हातात धरलं तेव्हा दाराकडे बघत होते, कुणी येतंय का. एक दिवस मला बाकाशी उभं करून म्हणाला असतात, हे बघ, भरायचं असं, कापायचं एवढंच, तर मी कदाचित इथेच राहिले असते. कदाचित. पाय माझे आहेत, तुमच्यावर सगळं ढकलत नाही. पण दुसऱ्यात चढणं हे शिकवणं नसतं, नाना. ते गप्प बसणं असतं.

म्हणून मी ते हेड घेऊन ओट्यावर आले आणि सगळ्यात आधी तो ओरखडा घासून काढला. आठवण म्हणून ठेवायचा वगैरे मनातही आलं नाही, मी इथे देव्हारा मांडायला बसले नव्हते. मग पोर्टच्या तळाला बारीक खाचा पाडल्या, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, म्हणजे भरलेलं उखडून इंजिनात पडणार नाही. उष्णता सोसणारी मेटल पुट्टी कालवून तळ उचलला, भोक पुन्हा अरुंद केलं. रात्रभर सुकू दिली. सकाळी आकार दिला, वळणावर गोल, सीटजवळची पायरी साफ, आणि आरशासारखं कुठेच नाही; पेट्रोल आरशाला चिकटून बसतं हे आता मला कळतं. शेजारच्या काकांचा व्हॅक्यूम क्लिनर मागून आणला, त्याला हेड जोडलं, पारदर्शक नळीत पाणी भरलं, हवा किती ओढली जाते ते बघायला. पाणी दिसेना म्हणून आईनं त्यात चिमूटभर कुंकू टाकलं. काका कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "काय पूजा चालू आहे का?" आई म्हणाली, "हो, मिस्त्रींची." पाणी सरकलं, थांबलं, मी खूण केली. परत घासलं, परत बघितलं. शेवटी परत कणीक. सकाळचीच उरलेली, थोडी आंबट झालेली. दाबली, थांबले, ओढली. बोट आलं. वाकडं, सडपातळ. तुम्ही ताटात ठेवलेल्या बोटासारखं नाही. त्याच्यापेक्षा चांगलं. हे मी मुद्दाम लिहितेय. तुमच्या कंपनीच्या बोटापेक्षा माझं चांगलं आहे.

आज सकाळी निघालो. आईनं डब्यात दशम्या बांधल्या, माझं जादा हेल्मेट घातलं आणि पदर त्यात कोंबला. धूर नाही. निंबोल्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आई मागून सांगत होती कुणाचा घड किती मोठा, कुणी ठिबक नवीन टाकलंय, जसं काही आम्ही त्यासाठीच निघालोय. घाटाचं तोंड आलं. तिसऱ्यात होते. टाच हलवली नाही. गाडीचा आवाज खाली उतरला, खोल झाला, मला वाटलं आता बंद पडते, आणि मग तिनं धरलं. खेचायला लागली. किंचाळत नव्हती, नाना. आवाज भरलेल्या बैलगाडीसारखा, जड आणि सावकाश, पण थांबत नव्हता. पहिलं वळण. दुसरं. एक कापसाचा टेम्पो पुढे घुरघुरत होता, त्याला मी मागे टाकला. आई मागून ओरडली, "हळू गं!" मी हेल्मेटच्या आत ओरडले, "बघितलं? बघितलं का?" ते तिला नव्हतं.

मग शेवटचं वळण आलं आणि आईचा हात माझ्या खांद्यावर आला. इंजिनाला काही नको होतं. ते खेचत होतं, मला मांडीला लागत होतं. अजून दम शिल्लक होता. आणि माझी डावी टाच खाली गेली.

वर पोचल्यावर गाडी सावलीला लावली. आईनं हेल्मेट काढलं, केस नीट केले, किल्ल्याकडे बघत म्हणाली, "चढली ना गं तिसऱ्यात?" मी म्हटलं, "चढली." ती म्हणाली, "वजन माझं नव्हतंच कधी." आम्ही दशम्या खाल्ल्या आणि परत आलो.

परवा मी निघतेय. कोल्हापूरला एकानं बोलावलंय, दोन हेड कापायचीत, मग बघू. गाडी आईकडे राहील, काका किक मारतील. ग्राइंडर मी तुमच्या खिळ्यावरून काढून पिशवीत टाकलंय, ते परत मिळणार नाही. ही वही पण माझ्यासोबत येईल. हे पान फाडणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. गल्लीत सगळ्यांना सांगितलंय की पूर्ण चढ तिसऱ्यात घेतला, आणि विचारेल त्याला हेच सांगत राहणार. तुम्ही जिंकलात असं मुळीच समजू नका. ती चढली असती. फक्त ते शेवटचं वळण, नाना, मी दुसऱ्यात घेतलं.